माचाची डबी: हिरव्या रंगाला किती भुलायचं

माचा, म्हणजे सावलीत वाढवलेल्या जपानी चहाच्या पानांची बारीक हिरवी पूड, घेताना आधी डबीचा आकार बघावा, दर्जाचं लेबल नंतर. एका वाडग्याला २ ग्रॅम पूड लागते, म्हणजे ३० ग्रॅमच्या डबीत १५ वाडगे. रोज एक प्यायला तर दोन आठवड्यांत डबी रिकामी. झाकण उघडल्यावर माचाची खरी चव तीन-चार आठवडेच टिकते, तेव्हा हे गणित नीट बसतं. १०० ग्रॅमचं पाकीट ग्रॅममागे स्वस्त पडतं खरं, पण त्याचे ५० वाडगे संपेपर्यंत निम्मी पूड शिळी होते, आणि शिळ्या माचाला वाळलेल्या गवताचा वास येतो. भारीतली पूड शिळी करून पिण्यापेक्षा मधल्या दर्जाची छोटी डबी ताजी प्यावी, असं माझं ठाम मत आहे.

हे परीक्षण एका कंपनीच्या डबीचं नाही. 'माचा' या एकाच नावाखाली तीन वेगळ्या वस्तू विकल्या जातात, त्यांचं आहे. एक, पहिल्या तोडणीच्या तेन्चाची, म्हणजे सावलीत वाढवून न वळता वाळवलेल्या पानाची, जात्यावर दळलेली पूड. दोन, नंतरच्या तोडणीची, स्वयंपाकासाठी म्हणून विकली जाणारी पूड. आणि तीन, साध्या ग्रीन टीची दळलेली पूड, जिला जपानमध्ये माचा म्हणतच नाहीत, फुनमात्सुचा म्हणतात. बंद पाकिटातून तिन्ही सारख्याच दिसतात. पाण्यात पडल्या की पितळ उघडं पडतं.

फरक पडतो तो शेतातच. माचासाठीच्या झुडपांवर तोडणीआधी साधारण तीन आठवडे आच्छादन घालतात. जुनी पद्धत बोरूच्या चटया आणि भाताच्या पेंढ्याची, हल्ली बहुतेक ठिकाणी काळं कृत्रिम कापड असतं. चहाच्या मुळांत तयार होणारं थियानिन हे अमिनो आम्ल पानात येतं आणि उन्हात त्याचं रूपांतर कॅटेचिनमध्ये होऊ लागतं. थियानिन गोडसर, भरीव चव देतं. कॅटेचिन तुरट आणि कडू. सावलीत हे रूपांतर मंदावतं, शिवाय अपुऱ्या उजेडात तग धरायला पान जास्त हरितद्रव्य बनवतं. चांगल्या माचाचा गडद हिरवा रंग आणि गोडवा या एकाच सावलीतून येतात. म्हणूनच रंग ही फक्त नटवण्याची गोष्ट नाही, त्यातून पानाचा इतिहास कळतो.

तोडलेली पानं लगेच वाफवतात, जेमतेम १५-२० सेकंद, म्हणजे ती काळवंडत नाहीत. सेन्चा या नेहमीच्या जपानी ग्रीन टीसारखी वळत नाहीत, सुटी सुटी वाळवतात, मग देठ आणि शिरा काढून टाकतात. उरतो तो तेन्चा. तो ग्रॅनाइटच्या जात्यावर दळला की माचा. असं एक जातं तासाला साधारण ४० ग्रॅमच पूड देतं, म्हणजे ३० ग्रॅमची डबी भरायला पाऊण तास. जातं जोरात फिरवलं तर दगड तापतो आणि सुवास तिथेच उडून जातो. दळण यंत्रातलंही चांगलं असू शकतं, पण त्यात तापमान सांभाळलेलं हवं. बारीक माचाचे कण साधारण ५ ते २० मायक्रॉनचे असतात आणि जिभेला वेगळे जाणवत नाहीत. फुनमात्सुचा मात्र वळलेल्या, कडक सेन्चापासून करतात, म्हणून ती वाडग्याच्या तळाशी गाळासारखी बसते आणि घशाला खरखरते.

आता लेबल. 'सेरेमोनियल ग्रेड' हे शब्द वाचून हात पुढे जातो, पण त्यांना जपानमध्ये कायदेशीर व्याख्या नाही. हे मुख्यतः निर्यातीच्या बाजारातले शब्द आहेत, कुणीही छापावेत. जपानी दुकानं पूड कशासाठी आहे ते सांगतात: उसुचा म्हणजे पातळ, फेसाळ माचा, आणि कोइचा म्हणजे मधासारखा घट्ट. परंपरेने कोइचाच्या मिश्रणांच्या नावात 'मुकाशी' आणि उसुचाच्या नावात 'शिरो' येतं. एवढं ठाऊक असलं तरी जपानी नावांच्या यादीत चाचपडावं लागत नाही.

लेबलवर बघण्यासारख्या गोष्टी चारच: पहिली तोडणी आहे का, कुठला प्रदेश, चहाच्या झाडाचं वाण, आणि तारीख. पहिली तोडणी एप्रिल-मेमध्ये होते. वाण लिहिलं असेल तर विक्रेत्याला आपण काय विकतो ते माहीत आहे असं समजावं. ओकुमिदोरी आणि सामिदोरीचा रंग नि गोडवा उत्तम, याबुकिता जरा करकरीत. प्रदेशाच्या नावाला मात्र फार भुलू नये. 'उजी चहा' या नावाखाली क्योतोबरोबर नारा, शिगा आणि मिए या प्रांतांतलं पानही चालतं, फक्त प्रक्रिया क्योतोच्या व्यावसायिकांनी क्योतोत केलेली असावी लागते. यात फसवणूक नाही, पण सगळं पान उजी गावच्या टेकडीवरचं असतं हा समज चुकीचा. आयचीतलं निशिओ, फुकुओकातलं यामे, कागोशिमा इथलाही माचा उत्तम मिळतो. आणि घटकांच्या यादीत चहाशिवाय दुसरं काही असेल तर डबी परत ठेवा. लाट्टेच्या तयार पाकिटांत बऱ्याचदा पहिला घटक साखर असतो.

डबी घरी आली की एक सोपी चाचणी करता येते. पांढऱ्या कागदावर चिमूटभर पूड ठेवायची आणि बोटाने दाबून एका दमात खाली ओढायची. उत्तम माचाचा पट्टा लांब, सलग आणि दाट हिरवा उमटतो, आयशॅडोसारखा मऊ. जाडं दळण असेल तर पट्टा तुटक उमटतो, मधूनमधून कागद दिसतो, बोटाखाली कणी लागते. रंगात पिवळट किंवा शेवाळी झाक दिसली तर पूड उशिराच्या तोडणीची किंवा जुनी. मग वास. ताज्या माचाला नोरीसारखा, समुद्री शेवाळाचा हलका वास येतो आणि नवख्या माणसाला तो दोष वाटतो. उलट आहे. हा सावलीत वाढलेल्या पानाचा वास, जपानीत त्याला ओओइका म्हणतात. काळजी करायची ती गवताच्या, पुठ्ठ्याच्या किंवा मासळीच्या वासाची.

साहित्यात खर्च करायचा तर तो चासेनवर करावा. चासेन म्हणजे बांबूची रवीच, फक्त घुसळायची नाही, मागेपुढे चालवायची. बांबूचा एकच तुकडा चिरून तिचे दाते काढलेले असतात, ८० किंवा १०० असे आकडे दुकानात ऐकू येतात ते त्या दात्यांचे. नारा प्रांतातल्या इकोमा शहरातलं ताकायामा हे या कामाचं जुनं गाव. नवख्याने १०० दात्यांची घ्यावी, फेस लवकर धरतो. बाकी चाशाकु नावाचा बांबूचा चमचा छान दिसतो, पण वजनाचा काटा जास्त उपयोगी. चाशाकुच्या दोन भरघोस चमच्यांत साधारण २ ग्रॅम येतं, पण 'भरघोस' म्हणजे किती हे ज्याचं त्याला. वाडगा मात्र रुंद आणि सपाट तळाचा हवा, आतून ११-१२ सेंटिमीटर. उभ्या कपात मनगट चालत नाही आणि दाते कडांवर आपटून तुटतात.

विजेवर चालणारा दूध फेटायचा फ्रॉदर चालतो का? चालतो. गुठळ्या मोडतो, फेस आणतो. बुडबुडे मोठे येतात आणि लवकर विरतात, एवढंच. दुधातल्या माचासाठी तो पुरेसा आहे.

आता कृती. पाणी उकळून घ्या आणि ७५ ते ८० अंशांवर आणा. थर्मामीटर नसेल तर उकळतं पाणी एका थंड भांड्यातून दुसऱ्यात ओता, दर ओतण्याला साधारण १० अंश उतरतात, दोनदा ओतलं की झालं. तोवर वाडग्यात थोडं गरम पाणी घालून चासेनचे दाते मिनिटभर त्यात भिजवा. कोरडा बांबू ठिसूळ असतो, भिजला की लवतो. ते पाणी फेकून वाडगा आतून पूर्ण कोरडा पुसा, ओल राहिली की पूड तळाला चिकटते. बारीक चाळणीतून २ ग्रॅम माचा वाडग्यात चाळा. ही पायरी बहुतेकजण गाळतात आणि नंतर गुठळ्यांना दोष देतात. इतक्या बारीक पुडीचे कण स्थिर विजेने एकमेकांना धरून बसतात, आणि एकदा गुठळीला बाहेरून पाणी लागलं की आतली पूड कोरडीच राहते, कितीही फेटा.

आधी १० मिलिलिटर पाणी घालून दहा सेकंदांत गुळगुळीत लेप करा. मग उरलेलं, एकूण ६० ते ७० मिलिलिटर होईल एवढं. एका हाताने वाडगा धरा, दुसऱ्याने चासेन उभी. हात खांद्यातून नाही, मनगटातून चालवा, पुढेमागे, जलद. दाते तळाला टेकवू नका, तळापासून केसभर वर ठेवा. १५ ते २० सेकंदांत पृष्ठभागावर फेस धरतो. मग वेग कमी करून दाते वर आणा, मोठे बुडबुडे नुसत्या टोकांनी मोडा, आणि मधोमध एक हळुवार वळण घेऊन चासेन उचला. फेस किती हवा यावर जपानमध्येही एकमत नाही. चहाविधीच्या उरासेन्के परंपरेत तो दाट आणि सगळीकडे पसरलेला, तर ओमोतेसेन्केत कमी, एका बाजूला चंद्रकोरीएवढी हिरवी जागा मोकळी. फेस म्हणजे दर्जाची पावती नव्हे. वाडगा तयार झाला की लगेच प्यावा. माचा पाण्यात विरघळत नाही, तरंगतो, पाच मिनिटांत तळाशी बसतो.

फेसच येत नाही अशी तक्रार बहुतेकांची असते. बहुधा पाणी जास्त पडलेलं असतं, नाहीतर चासेन गोल गोल फिरवलेली असते. पूड जुनी असेल तरीही फेस धरत नाही. कडवट लागतो तेव्हा आधी पाण्याकडे बघा. ९५ अंशांचं पाणी उत्तम डबीलाही कडू करतं. पाणी ठीक आणि माप ठीक असूनही जीभ आवळली जात असेल तर ती पूड मुळातच उशिराच्या तोडणीची, तिला दुधात घालावी. वाडग्यात खरखर लागली तर कितीही फेटून उपयोग नाही, दोष दळणाचा आहे.

कोइचाला ४ ग्रॅम पुडीला जेमतेम ३०-४० मिलिलिटर पाणी. तो फेटायचा नाही, चासेनने सावकाश मळायचा. इथे भारीतली डबीच लागते. दुसऱ्या प्रकारची पूड या मापात तोंडात धरवत नाही.

दुधाच्या माचाला उलट न्याय. महागडा, नाजूक माचा दुधात घालणं म्हणजे पैसे वाया घालवणं, त्याची गोडी दुधाखाली दडपून जाते. नंतरच्या तोडणीची, जरा तुरट पूड ३ ग्रॅम घ्यावी, ४० मिलिलिटर पाण्यात फेटावी आणि मग १५० मिलिलिटर दूध ओतावं. पूड सरळ दुधात टाकू नये, गुठळ्या होतातच. माचा थंड प्यायचा असेल तर थोड्या कोमट पाण्यात फेटून बर्फावर ओता. घट्ट झाकणाच्या बाटलीत थंड पाण्याबरोबर अर्धा मिनिट हलवलं तरी चांगला लागतो, कारण थंड पाणी कडूपणा कमी उतरवतं. लिंबू पिळाल तर रंग शेवाळी होईल, आम्लाने हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम निघून जातं. चव बिघडत नाही, फोटो बिघडतो.

आणि आता तो विषय, ज्याच्या जोरावर निम्म्या डब्या खपतात. औषध म्हणून या चहाची जाहिरात काही आजची नाही. एइसाई नावाचा झेन भिक्षू ११९१ मध्ये चीनहून जपानला परतला आणि १२११ मध्ये त्याने चहाच्या आरोग्यदायी गुणांवर ग्रंथ लिहिला. आजच्या पाकिटांवर त्याची जागा '१३७ पट अँटिऑक्सिडंट' या आकड्याने घेतली आहे. हा आकडा २००३ मध्ये कोलोराडो विद्यापीठातून आलेल्या एका अभ्यासातला. त्यात माचातल्या ईजीसीजी या कॅटेचिनची तुलना एका विशिष्ट ग्रीन टीशी केली होती. इतर ग्रीन टींच्या तोवर नोंदलेल्या सर्वांत मोठ्या आकड्याशी तुलना केल्यावर फरक उतरला किमान तिप्पट, आणि तेही त्याच निबंधात लिहिलं आहे. पाकिटावर कुठला आकडा छापायचा हे विक्रेत्याने ठरवलं.

तिप्पट हाही बरा आकडा आहे, कारण इथे पान गाळून फेकत नाही, सगळं पितो. पण यातच एक गंमत आहे. सावलीने गोडवा वाढतो तो कॅटेचिन रोखून. म्हणजे सर्वांत गोड, सर्वांत महाग डबीत कॅटेचिन तुलनेने कमी, आणि कडवट, स्वस्त पुडीत जास्त. चव आणि आरोग्याचा दावा इथे एकमेकांकडे पाठ करून उभे आहेत. जो विक्रेता 'अत्यंत मुलायम आणि कॅटेचिनने काठोकाठ' असं एका दमात म्हणतो त्याला दोन्हींपैकी एक सोडावं लागेल.

जपानच्या अधिकृत अन्नघटक तक्त्यांत १०० ग्रॅम माचात फायबर ३८.५ ग्रॅम, प्रथिनं जवळपास ३० ग्रॅम, क जीवनसत्त्व ६० मिलिग्रॅम अशी भरघोस नोंद आहे. पाकिटं तीच छापतात. पण पिणार आपण २ ग्रॅम. त्यात फायबर पाऊण ग्रॅम आणि क जीवनसत्त्व १.२ मिलिग्रॅम. यासाठी माचा पिऊ नये.

अंगाला जाणवतं ते कॅफिन. त्याच तक्त्यांप्रमाणे १०० ग्रॅमला ३.२ ग्रॅम, म्हणजे वाडग्यामागे साधारण ६४ मिलिग्रॅम, १०० मिलिलिटर कॉफीएवढंच. दुधातल्या ३ ग्रॅमला ९६. गरोदरपणात दिवसाला २०० मिलिग्रॅमच्या आत राहायला सांगतात, त्यात दुधातल्या माचाचे दोन वाडगे कसेबसे बसतात, आणि दिवसभराचा बाकीचा चहा-कॉफी त्यातच मोजायचा. थियानिनमुळे या कॅफिनची धार बोथट होते आणि मन शांत, सावध राहतं असं सांगतात. दोन्हींच्या एकत्रित परिणामावर प्रयोग झालेत, पण त्यांत थियानिनची मात्रा बहुधा १०० ते २०० मिलिग्रॅम असते. एका वाडग्यात तेवढं नसतं. ग्रीन टीने एलडीएल कोलेस्टेरॉल थोडं उतरतं असा बऱ्याच चाचण्यांचा एकत्रित कल आहे. वजनाचं म्हणाल तर वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रन संस्थेच्या २०१२ च्या आढाव्याने ग्रीन टीने होणारी घट इतकी किरकोळ ठरवली की उपचार म्हणून तिला अर्थ नाही.

काही जणांनी खरंच जपायला हवं. वॉरफेरिन ही रक्त गोठू न देणारी गोळी घेणाऱ्यांनी अचानक रोजचा माचा सुरू करू नये. वाडग्यामागे साधारण ५८ मायक्रोग्रॅम के जीवनसत्त्व जातं आणि ते गोळीच्या विरुद्ध काम करतं, तेव्हा आधी डॉक्टरांना सांगावं. नाडोलॉल ही रक्तदाबाची गोळी ग्रीन टीबरोबर नीट शोषली जात नाही. हिमोग्लोबिन कमी असेल तर माचा आणि जेवण किंवा लोहाची गोळी यांत तासाभराचं अंतर ठेवावं. रिकाम्या पोटी मळमळतं ही तक्रारही नेहमीची, सोबत काहीतरी खावं. ग्रीन टीच्या अर्काच्या कॅप्सूल ही मात्र वेगळी गोष्ट. युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा अधिक ईजीसीजी पूरकांतून घेतल्यास यकृतावर ताण दिसतो असं सांगितलं. दोन-तीन वाडग्यांनी ती पातळी गाठली जात नाही. अख्खं पान पोटात जात असल्याने मातीतलं शिसंही पानाबरोबर येऊ शकतं, गाळलेल्या चहात ते बरंचसं चोथ्यात राहतं. म्हणून उगमाचा पत्ता नसलेली पूड घेऊ नये.

तिघींचा निकाल असा. पहिल्या तोडणीची छोटी डबी नुसत्या पाण्यात पिण्यासाठी, आणि त्यासाठी ती किमतीला पुरेपूर उतरते. स्वयंपाकाची पूड दूध, आइस्क्रीम, केक यांसाठी योग्य. पाण्यात पिऊन तिला नावं ठेवणं अन्याय आहे. फुनमात्सुचा वाईट नाही, तीही अख्ख्या पानाची आणि उन्हात वाढल्याने कॅटेचिनला बरी. गरम पाण्यात ढवळून प्या, पण माचाच्या भावाने घेऊ नका.

चासेनला साबण लावायचा नाही, कोमट पाण्यात फिरवून धुवायची आणि दाते वर करून मोकळ्या हवेत वाळवायची. ती ज्या प्लास्टिकच्या नळकांड्यात येते त्यात परत घातली की बुरशी ठरलेली. उघडलेली डबी घट्ट झाकून फ्रीजमध्ये, मसाल्यांपासून लांब. न उघडलेली जास्तीची डबी फ्रीझरमध्ये राहू शकते, पण गार डबी तशीच उघडली की आत हवेतली वाफ पाणी होऊन बसते आणि पुडीचा गोळा होतो. उद्या लागणार असेल तर आज रात्री बाहेर काढून ठेवावी आणि सकाळी झाकण उघडावं.